कड आधी, चेहरा नंतर

वोल्फ्सबुर्गला सहा महिन्यांसाठी पाठवतायत म्हणालीस, तेव्हाच मी कपाटातून हा काटा काढून ठेवला. एक मिलिग्रॅमपर्यंत मोजतो. कपड्यांच्या मधोमध ठेव आणि सोबतचं वीस ग्रॅमचं वजन रुमालात वेगळं गुंडाळ. वजनाला बोट लावायचं नाही, बोटाचा घामसुद्धा काट्यावर दिसतो. तू चाकणला क्वालिटीत आहेस, तुला हे सांगायला नको. पण सोनं समोर आलं की मोजमापात मुरलेली माणसंही नुसत्या डोळ्यांनी खरेदी करतात. मी केली होती. म्हणून म्हणतो, निघण्याआधी तासभर बस आणि मला जे समजलंय ते ऐकून जा.

तुला ठाऊक आहे, माझी सगळी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. डाय बनवायच्या, डाय दुरुस्त करायच्या. नाणं बघितलं की लोकांना पैसा दिसतो, मला डाय दिसते. वर एक डाय, खाली एक डाय, भोवती कॉलर, मध्ये कोरी चकती आणि वरून एक ठोका. तुमच्या प्रेस शॉपमध्ये दरवाजाचा पत्रा दाबतात त्यात आणि यात जात एकच. आपल्या चिंचवडलाही पेशवाईत टांकसाळ होती, तेव्हा हे काम या मातीला नवं नाही.

१९८३ साली कंपनीने मला पहिल्यांदा जर्मनीला पाठवलं, श्टुटगार्टजवळ, तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला. एका रविवारी दुकानाच्या काचेत मला एक सोन्याचं नाणं दिसलं. दाढीवाला राजा, भोवती अक्षरं, खाली बारीक ‘एफ’. माझी नजर राजावर नव्हती. त्याच्या दाढीचे केस इतके स्पष्ट उठले होते की शंभर वर्षांपूर्वी ज्या माणसाने ती डाय कोरली त्याचा हात मला दिसला. पण घ्यायचं कसं? भत्ता मोजका, आणि तेव्हा बाहेरून सोनं आणायला बंदी होती. घरीसुद्धा सुवर्ण नियंत्रण कायदा होता. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना १९६३ मध्ये त्याचे नियम आले, १९६८ मध्ये कायदा झाला आणि तो उठला १९९० साली. मी काचेला नाक लावून परत आलो. पुढे १९९६ मध्ये पुन्हा गेलो, सहा महिने राहिलो, तोवर सहा महिने परदेशी राहून येणाऱ्याला ड्युटी भरून सोनं आणायची सोय झाली होती. त्या खेपेला आणलेली दोन आणि नंतरची नऊ. तीस वर्षांत अकरा. एवढीच माझी इस्टेट, पण प्रत्येकाचा जन्म मला तोंडपाठ आहे.

आधी हे काय प्रकरण आहे ते समजून घे. आपल्याकडे बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर अशी संस्थानं होती आणि आपापली नाणी पाडायची. तिकडेही तसंच. १८७१ साली जर्मन साम्राज्य उभं राहिलं ते पंचवीस राज्यांचं मिळून. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेमबर्ग ही चार राजांची. बाकी ग्रँड ड्यूक, ड्यूक, प्रिन्स. आणि हॅम्बुर्ग, ब्रेमेन, ल्यूबेक ही तीन स्वतंत्र शहरं. त्याच वर्षीच्या ४ डिसेंबरच्या कायद्याने सगळ्यांच्या सोन्याच्या नाण्याचं माप एक केलं. एका बाजूला साम्राज्याचा गरुड, तो सगळीकडे सारखा. दुसऱ्या बाजूला ज्याचा त्याचा राजा, आणि शहर असेल तर शहराचं चिन्ह. वजन एक, कस एक, चेहरे मात्र वेगवेगळे. म्हणूनच हा छंद धरण्यासारखा आहे. एकाच मापाची चकती हातात धरून तू कितीतरी दरबारांतून फिरून येतेस.

आकडे वहीत लिही. वीस मार्क म्हणजे ७.९६५ ग्रॅम, व्यास २२.५ मिलिमीटर. दहा मार्क ३.९८२ ग्रॅम, १९.५ मिलिमीटर. पाच मार्क १.९९१ ग्रॅम, १७ मिलिमीटर, आणि ते फक्त १८७७ आणि १८७८ या दोन सालांत पाडलं. सगळी ९०० टंच, उरलेलं तांबं. म्हणजे वीस मार्कात शुद्ध सोनं ७.१६८ ग्रॅम. दुकानात शिरण्याआधी त्या दिवसाच्या भावाने याची किंमत काढून ठेव. मागितलेल्या किमतीतून ती वजा केलीस की जे उरतं, ते दुर्मीळपणाचे पैसे. ते पैसे द्यायचे की नाहीत हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर सोन्याच्या भावात कधीच नसतं.

तुला आवडेल अशी गोष्ट सांगतो: त्या कायद्यात टॉलरन्ससुद्धा लिहिला होता. नवं नाणं टांकसाळीतून बाहेर पडताना वजनात हजारी अडीच इतकाच फरक चालायचा, कसात हजारी दोन. वापरून झिजलेलं नाणं ठरलेल्या वजनापेक्षा हजारी पाचपर्यंत कमी भरलं तरी पूर्ण किमतीला चालवायचं. वीस मार्काला हजारी पाच म्हणजे चाळीस मिलिग्रॅम. तेव्हा ७.९२५ च्या खाली भरणारं नाणं दिसलं की थांब. ते खूप झिजलेलं असेल, कुणी काठ तासला असेल किंवा मुळात खोटं असेल. आणि ७.९९ भरलं तर जास्तच थांब. नाणं वापरून कमी होतं, वाढत नाही.

आता माझा पहिला नियम. नाणं हातात आलं की चेहरा बघायचा नाही, कड बघायची. दोन बोटांत काठावर धरायचं, खाली मऊ कापड, आणि हळूहळू फिरवायचं. वीस मार्कांच्या कडेवर ‘गॉट मिट उन्स’, म्हणजे देव आमच्यासोबत आहे, ही अक्षरं खोल उतरलेली असतात. दहा मार्कांच्या कडेवर अक्षरं नसतात, नक्षी असते. पाच मार्कांची कड साधी. नकली नाणं करणारा सगळा जीव चेहऱ्यावर ओततो, कारण गिऱ्हाईक चेहरा बघतं. कडेवर त्याचा हात सुटतो. अक्षरं उथळ, दोन अक्षरांमधली जागा कमीजास्त, नक्षी मध्येच पुसट. तुला टूलरूममधलं ठाऊक आहे, जॉब कसा केलाय ते चॅम्फर आणि बर बघून कळतं.

कड बघायचं दुसरं कारण कडी. हा धडा मी पैसे मोजून शिकलोय. आपल्याकडे पुतळ्यांची माळ असते ना? मूळ पुतळी म्हणजे व्हेनिसचं सोन्याचं नाणं, पुढे आपल्या सोनारांनी तसा दागिनाच घडवायला घेतला. जर्मनीतही बायका वीस मार्क गळ्यात घालत, कोटाच्या बटणाला लावत. नाण्याला डाक देऊन कडी बसवायची, आणि पुढे केव्हातरी ती काढून तिथली जागा घासून सारखी करायची. मी घेतलेलं तिसरं नाणं असंच होतं. दुकानदाराने प्लास्टिकच्या चौकटीत बसवून दिलं, मी चौकट उघडली नाही. घरी येऊन कड बघितली तर बारा वाजण्याच्या जागी सहा-सात मिलिमीटरचा पट्टा गुळगुळीत, सोन्याचा रंग जरासा पिवळट, एक अक्षर अर्धं गेलेलं. आम्ही शाफ्टवर वेल्डिंग भरून ग्राइंड करतो तसं. संग्राहकाच्या दृष्टीने ते नाणं गेलं, त्याला फक्त सोन्याची किंमत. म्हणून चौकट उघडून दाखवणार नसतील तर उठून यायचं. ते रागावले तर रागावू देत.

तिथल्या यादीत आणि पावतीवर काही शब्द येतील, ते आत्ताच शिकून ठेव. ‘हेंकेलश्पूर’ म्हणजे कडीची खूण. ‘गेफास्ट’ म्हणजे कोंदणात बसवलेलं होतं. ‘रांडफेलर’ म्हणजे कडेचा दोष. ‘पोलिएर्ट’ म्हणजे घासून चकाकवलेलं. यातला एकही शब्द बारीक अक्षरात दिसला तरी किंमत निम्म्यावर आणून विचार कर. आणि दर्जाचे शब्द. ‘श्योन’ म्हणजे जर्मनमध्ये सुंदर, पण नाण्याच्या बाजारात ‘श्योन’ म्हणजे चांगलंच झिजलेलं. ‘झेअर श्योन’ म्हणजे मध्यम. ‘फोरत्स्यूगलिश’ म्हणजे खरोखर उत्तम. ‘श्टेम्पेलग्लान्त्स’ म्हणजे टांकसाळीची चकाकी अजून अंगावर असलेलं. वीस मार्क, दहा मार्क घेताना ‘फोरत्स्यूगलिश’च्या खाली उतरू नकोस. छोट्या संस्थानांची जी मुळातच थोडी आहेत, तिथे ‘झेअर श्योन’वर समाधान मानायला हरकत नाही.

पाण्याची परीक्षा तुला घरात करता येईल. काट्यावर पेल्यात पाणी ठेवायचं, थेंबभर भांड्यांचा साबण घालायचा म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत, आणि काटा शून्यावर आणायचा. मग बारीक दोऱ्याला नाणं बांधून पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरायचं. काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरडं वजन भागिले तो आकडा, उत्तर १७.२ च्या आसपास आलं पाहिजे. वीस मार्कांना काटा ०.४६३ दाखवतो, दहा मार्कांना साधारण ०.२३१. चौदा कॅरेटचं काही असेल तर वीस मार्कांच्या वजनाला तोच आकडा ०.६ च्या आसपास जाईल. दोन दशांशांचा स्वस्त काटा इथे उपयोगाचा नाही, त्याच्या चुकीतच सगळं बुडतं. म्हणून हा देतोय. झाल्यावर नाणं टिपायचं, पुसायचं नाही.

आणि कसोटीच्या दगडावर घासायला कुणालाही देऊ नकोस, आपल्या ओळखीच्या पेढीवर तर मुळीच नाही. ते मायेने करतील, पण एक ओरखडा आणि नाणं दागिन्यात जमा.

आता पाण्यालाही फसवणारी जात. दुसऱ्या महायुद्धानंतर बैरूतकडे जुन्या सोन्याच्या नाण्यांच्या नकला मोठ्या प्रमाणात झाल्या, आणि त्या खऱ्या सोन्याच्या, पुऱ्या वजनाच्या. नफा सोन्यात नव्हता, दुर्मीळ सालात होता. तिथे काटा गप्प बसतो, तिथे तुझी टूलरूमची नजर लागते. दहापट भिंगाखाली सपाट भाग बघ. खरं नाणं पडताना धातू ठोक्याने बाहेरच्या बाजूला सरकतो, त्या सरकण्याच्या बारीक रेषा मध्यापासून काठाकडे जातात. उजेडात नाणं झुकवलं की चकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. ओतीव नकलेत हे नसतं, तिथे साबणासारखा मऊपणा आणि खाचांत बारीक छिद्रं. स्पार्क इरोजनवर काढलेल्या डायचं काम असेल तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा, आपण तो रोज बघतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: खऱ्या नाण्यावरून डाय उचलली असेल तर त्या नाण्यावरची खोक, ओरखडे सगळे डायमध्ये उतरतात. मग दोन वेगवेगळ्या दुकानांत, दोन वेगवेगळ्या नाण्यांवर, राजाच्या गालावर त्याच जागी तीच खोक दिसते. वापरातली खोक दोन नाण्यांवर सारखी असू शकत नाही. म्हणून संशय आला की फोटो काढून ठेव आणि जुन्या लिलावांच्या फोटोंशी ताडून बघ.

चेहऱ्याखालचं बारीक अक्षर विसरू नकोस, तो टांकसाळीचा शिक्का. ‘ए’ बर्लिन, ‘बी’ हॅनोव्हर, ‘सी’ फ्रँकफुर्ट, ‘डी’ म्युनिक, ‘ई’ आधी ड्रेस्डेन आणि १८८७ पासून मुल्डेनह्युटेन, ‘एफ’ श्टुटगार्ट, ‘जी’ कार्ल्सरूह, ‘एच’ डार्मश्टाट, ‘जे’ हॅम्बुर्ग. आपण पार्टवर हीट नंबर बघतो तसंच हे. अक्षर आणि साल जुळतं का ते बघायचं. हॅनोव्हरची टांकसाळ १८७८ ला थांबली, डार्मश्टाटची १८८२ ला. हॅम्बुर्गची सुरूच झाली १८७५ ला, म्हणून १८७३ चं हॅम्बुर्गचं दहा मार्क हॅनोव्हरमध्ये ‘बी’ अक्षराने पडलं. त्याच सालाचं हॅम्बुर्ग ‘जे’ घेऊन कुणी आलं तर पुढे बोलायचं कारण नाही. गरुडही दोन आहेत, १८८९ पर्यंत छोट्या ढालीचा आणि नंतर मोठ्या ढालीचा. साल आणि गरुड जुळतो का तेही बघ.

एक गोंधळ मी स्वतः घातलेला. विल्हेल्म दुसरा म्हणजे कैसर, असं आपण शाळेत शिकलो. पण व्युर्टेमबर्गलाही एक विल्हेल्म दुसरा होता, १८९१ ते १९१८ राज्य केलेला. साल तेच, नाव तेच. कैसराच्या नाण्यावर ‘डॉइचर कैसर, क्योनिग फॉन प्रॉयसेन’ असतं, दुसऱ्याच्या नाण्यावर व्युर्टेमबर्गचा राजा आणि खाली ‘एफ’. प्रशियाचं वीस मार्क ढिगाने सापडतं, व्युर्टेमबर्गचं तितकं नाही. अक्षरं पूर्ण वाचायची.

दुर्मीळ म्हणजे काय, इथे बहुतेक लोक फसतात. १८८८ हे साल जर्मनीत तीन सम्राटांचं साल. म्हातारा विल्हेल्म मार्चमध्ये गेला, मुलगा फ्रीडरिश गादीवर आला तो घशाच्या कर्करोगाने आजारी, नव्व्याण्णव दिवसांत जूनमध्ये तोही गेला, मग नातू. दुकानदार तुला सांगेल, नव्व्याण्णव दिवसांच्या राजाचं नाणं, किती दुर्मीळ असेल! ऐकून अंगावर काटा येतो. मी त्या गोष्टीचे जास्तीचे पैसे मोजले. वस्तुस्थिती अशी की त्याचं वीस मार्क लाखोंनी पडलं, आणि लोकांनी आठवण म्हणून जपून ठेवलं, त्यामुळे उत्तम स्थितीत मुबलक मिळतं. राजा थोडे दिवस होता म्हणून नाणी थोडी होत नाहीत. किती पडली आणि त्यातली किती उरली, हे दोनच आकडे बघायचे.

खरी थोडी ती छोट्या संस्थानांची. सॅक्स-कोबुर्ग-गोथाचं १८७२ चं वीस मार्क फक्त एक हजार पडलं. त्यावर ड्यूक एर्न्स्ट दुसरा आहे. आपल्या घरोघरी राणीछाप रुपया असायचा ना, त्या व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट याच घराण्यातला, आणि एर्न्स्ट त्याचा थोरला भाऊ. म्हणजे आपल्या राणीछापाचा हा दीरच की. राणीचे रुपये आपल्याकडे मापाने मोजले गेले आणि दिराच्या नाण्यासाठी लोक आयुष्यभर थांबतात. थोरल्या शाखेच्या रॉइसचं १८७५ चं वीस मार्क दीड हजाराच्या आसपास. त्या घराण्यात प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिश, नुसता आकडा बदलायचा. नाण्यावर आहे तो बाविसावा. वाल्डेक-पिरमोंटचं १९०३ चं वीस मार्क दोन हजार. ही नाणी तुझ्या-माझ्या पगाराची नाहीत. पण म्हणूनच ती कुणी स्वस्तात देऊ केली तर पर्स उघडायची नाही. अशी नाणी फक्त मोठ्या लिलावगृहातून, लेखी हमीसह. ओस्नाब्र्युकचं क्युन्कर हे त्यातलं एक जुनं नाव. त्यांची लिलावयादी चाळलीस तरी शिक्षण होतं. लिलावात हातोडी पडते तो आकडा शेवटचा नसतो, वर त्यांचं कमिशन लागतं, ते आधी बेरजेत धर.

आपल्या आवाक्यातली खरी थोडी नाणी म्हणजे ल्यूबेकची. ल्यूबेकने सोन्यात फक्त दहा मार्क पाडले, १९०१ पासून १९१० पर्यंत मोजक्या सालांत, दर वेळी दहा हजार. ब्रेमेननेही तसंच, १९०६ ला वीस मार्क आणि १९०७ ला दहा मार्क, वीस-वीस हजार. आणि तुझ्या वोल्फ्सबुर्गपासून जवळच ब्राउनश्वाइग आहे. तिथल्या ड्यूक विल्हेल्मचं वीस मार्क १८७५ आणि १८७६ असं दोनच सालांचं. ते बर्लिनला पडलं, ‘ए’ अक्षराने. जिथलं नाणं तिथेच जाऊन घ्यावं, असं मला नेहमी वाटतं. तिथला म्हातारा दुकानदार आपल्या ड्यूकबद्दल दोन वाक्यं जास्त बोलतो.

उरली किती हा आकडा मात्र कुठल्याच यादीत सरळ मिळत नाही. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबलं. मग ‘सोनं दिलं, लोखंड घेतलं’ अशी हाक देऊन सरकारने घराघरांतलं सोनं गोळा केलं. बायका अंगठ्या द्यायच्या आणि बदल्यात लोखंडाची घ्यायच्या. १९६२ ला चीनच्या युद्धात आपल्या बायकांनी बांगड्या काढून दिल्या, तुझ्या आजीनेही एक दिली होती. तिकडे नाणीही वितळली. त्यामुळे प्रशियाचं १९१५ चं वीस मार्क पडलं लाखांनी, पण बाहेर आलं फार थोडं, आणि आज त्याला मोठी किंमत आहे. बव्हेरियाच्या लुडविग तिसऱ्याचं १९१४ चं वीस मार्कही असंच. पाडल्याचा आकडा मोठा म्हणून नाणं सामान्य समजू नकोस.

यासाठी पुस्तक लागतं. कुर्ट येगरचं कॅटलॉग, १८७१ नंतरच्या जर्मन नाण्यांचं. तिथे प्रत्येक नाण्याला येगर क्रमांक असतो, दुकानदार आणि लिलाववाले त्याच क्रमांकाने बोलतात. जुनी आवृत्ती घेतलीस तरी चालेल, किमती बदलतात, क्रमांक बदलत नाहीत. नाणं घेण्याआधी पुस्तक घे, हे मी विनंती म्हणून सांगतोय. माझ्या पहिल्या तीन चुका एका पुस्तकाच्या किमतीत वाचल्या असत्या. आणि सुट्टीच्या दिवशी बर्लिनला जाशील तेव्हा बोडे म्युझियममध्ये मुन्त्सकाबिनेट बघ. खरं नाणं आधी पुष्कळ बघितलेलं असलं की खोटं आपोआप टोचतं.

१८७१ च्या आधीच्या सोन्याकडे तू सध्या जाऊ नकोस. तिथे प्रत्येक संस्थानाचं माप वेगळं, ड्युकाट वेगळा, पिस्तोल वेगळं. पण बव्हेरियाच्या नदीच्या सोन्याचे ड्युकाट कुठे काचेत दिसले तर थांबून बघ. डॅन्यूब, इन आणि इझार नद्यांच्या वाळूतून धुऊन काढलेल्या सोन्याचे ते, आणि कुठल्या नदीचं सोनं ते नाण्यावरच लिहिलेलं. मला ते कधी घेता आलं नाही. आणि एक आपल्या जवळचं सांगतो, राज्याचं नाही, वसाहतीचं. जर्मन पूर्व आफ्रिकेत रुपया चालायचा, आपल्या रुपयावरून घेतलेला. १९१६ मध्ये युद्धाने वेढा पडला तेव्हा टबोराजवळ रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी स्थानिक खाणीच्या सोन्याचं पंधरा रुपयांचं नाणं पाडलं, त्यावर हत्ती. टांकसाळ नव्हती, फिटर-टर्नर होते. कुणाच्या तरी हातात फाइल होती, कुणाच्या हातात हातोडा, आणि नाणं झालं. ते बघितलं की मला आमची टूलरूम आठवते.

आता कायदा, हा नीट ऐक. युरोपियन युनियनमध्ये २०२१ पासून नव्वद टक्के किंवा जास्त सोनं असलेलं नाणं रोख रकमेत धरतात. ही नाणी बरोबर नव्वद टक्क्यांची. बाहेर पडताना रोख आणि नाणी मिळून दहा हजार युरोच्या घरात जात असेल तर तिथेच लिहून द्यावं लागतं. मुंबईला उतरल्यावर कस्टम्सच्या लाल दरवाजातून जायचं आणि नाणी जाहीर करायची. बायकांना दागिन्यांची जी सूट असते ती नाण्यांना नाही, गळ्यात घालूनही नाही. सहा महिने पूर्ण होतात की नाहीत ते दिवस मोजून बघ. ड्युटीचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून निघण्याआधी कस्टम्सकडून ताजे विचारून घे, माझ्या आठवणीवर जाऊ नकोस. पावती सांभाळ, मूळ प्रत, नाण्याच्या फोटोसह. आणि घेताना हेही ध्यानात ठेव की १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तूत येतं. ही सगळी नाणी आता शंभरी ओलांडलेली आहेत. एकदा इथे आणलंस की विकायला म्हणून पुन्हा बाहेर नेणं आपल्या हातात राहत नाही. म्हणून आपल्याकडे ठेवायचं तेच आण.

ठेवायचं कसं? मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात कधीच नाही, त्याचा चिकट थर नाण्यावर बसतो. रबर बँड नको. रिठा, टूथ पावडर, सोनाराचं उजाळा देणं, काही नको. दहा टक्के तांबं आहे, त्यामुळे कधी लालसर ठिपका येतो, तो येऊ दे. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी. मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो आणि वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, घरी आणून बघतो.

प्रत्येक डबीत मी एक चिठ्ठी ठेवलीय: कुठलं, येगर क्रमांक, वजन, कधी घेतलं, किती दिले, आणि खाली ठळक अक्षरात ‘मोडायचं नाही’. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या नाण्यांची गेल्या वर्षी वाताहत झाली. माणूस गेला, मुलांना डबा सापडला, सोनाराने वजन करून मोड घेतली. सहा नाणी मुशीत गेली. त्यातलं एक मी हातात धरलं होतं, त्याची कड अजून डोळ्यासमोर आहे. मुलांची चूक नव्हती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुझ्या आईसाठी आणि मावशीसाठी मी कुठली डबी कुणाला विचारून उघडायची ते लिहून ठेवलंय, आणि त्यात तुझं नाव आहे.

आल्यावर तुला नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत नेईन, आणि पुण्यात कॉइनेक्स भरलं की तिथेही जाऊ. आत्ता वहीच्या पहिल्या पानावर एवढंच लिही: ब्राउनश्वाइग, वीस मार्क, १८७५ किंवा ७६, ‘ए’. मला जमलं नाही ते. मिळालं तर घाईत पैसे देऊ नकोस, आधी वजन सांग, पाण्यातला आकडा सांग, आणि फोटो पाठवशील तेव्हा पहिला कडेचा पाठव.